सरकता स्पर्श

विजेचा इतिहास सांगताना जनित्रांची, तारांची आणि दिव्यांची नोंद आवर्जून केली जाते. स्पर्शाची मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पाहता धातूला धातू टेकल्याखेरीज वीज एका तारेतून दुसऱ्या तारेत जात नाही. ही भेट जेथे कायमची असते, तेथे झाळकाम करून ती पक्की करता येते. परंतु जेथे एक अंग स्थिर आणि दुसरे फिरते असते, तेथे स्पर्श टिकला पाहिजे आणि तो सरकताही आला पाहिजे, अशी दुहेरी अट येते. या दोन अटी एकमेकींच्या वैरिणी आहेत. त्यांत कंपांची भर पडली म्हणजे काय होते आणि माणसाने त्यावर कोणते उपाय योजले, याची हकीकत दिसते तितकी क्षुल्लक नाही. भारतात ती समजून घ्यावयाची, तर बंगळूर शहराकडे पाहणे सोयीचे ठरते.

रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी कळ सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पोटात नालाच्या आकाराची कर्बाची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक लवचीक जीभ फिरते. जीभ जितकी पुढे सरकेल तितका पट्टीचा अधिक भाग मार्गात येतो आणि विजेला होणारा रोध त्या मानाने बदलतो. कळ जुनी झाली म्हणजे ती फिरवताना खरखर ऐकू येते. ती जीभ आणि पट्टी यांच्या बिघडलेल्या संबंधाची तक्रार होय. घरात या तक्रारीने फार तर गाण्याची लज्जत जाते. पण असेच साधन विमानात इंधनाची पातळी दाखवीत असेल, तर तीच खरखर वैमानिकाला खोटी माहिती पुरवते.

बदलत्या रोधाची कल्पना जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी १८४१ साली विद्युतदाब मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातून पुढे पोटेन्शिओमीटर उदयास आला. १८४३ साली इंग्लंडात व्हीटस्टन यांनी आपल्या रिओस्टॅटचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दोन दंडगोल असत. एकावरची तार दुसऱ्यावर गुंडाळीत नेली म्हणजे मार्गातील तारेची लांबी कमीजास्त होई. ही साधने प्रयोगशाळेच्या भक्कम मेजावर नांदत होती. मेज हलत नव्हते, म्हणून स्पर्शाचा प्रश्नही फारसा उठत नव्हता.

म्हैसूर संस्थानात विजेचे युग लवकर अवतरले. शिवनसमुद्र येथे कावेरीच्या प्रपातावर उभारलेल्या केंद्रातून १९०२ साली सुमारे ९२ मैल दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून जन्मलेली भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली याच शहरात स्थापन झाली. वीज आणि विद्या यांची अशी सांगड अगोदरच पडलेली असल्याने यंत्रोद्योगाला येथे अनुकूल भूमी मिळाली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये येथेच हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. महायुद्धाच्या काळात तिच्या कारखान्यात दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर होत असे. पुढे, ऑगस्ट १९५१ मध्ये, डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे शिकाऊ विमान आकाशात झेपावले. घाटगे हे गटिंगन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेले वायुगतिकीचे पंडित होते.

विमान ही वस्तू प्रयोगशाळेच्या मेजाच्या अगदी उलट स्वभावाची. एंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० आणि तासाला १,४४,००० फेरे होतात. आणि प्रत्येक फेऱ्याचा हिसका सांगाड्यातून उपकरणाच्या फळीपर्यंत पोचतो. सरकत्या स्पर्शावर त्याचे दोन प्रकारचे परिणाम होतात. पहिला उघड आहे. जीभ क्षणमात्र उडते, मार्ग तुटतो आणि पुन्हा जुळतो. हा तुटका क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असला, तरी पुढे जोडलेले यंत्र तो इशारा म्हणून वाचते. दुसरा परिणाम गुप्त आणि म्हणून अधिक घातक असतो. जीभ उडत नाही. ती जागच्या जागी, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतराने, पुढेमागे घासत राहते. त्या घर्षणाने धातूचा अतिसूक्ष्म चुरा पडतो, हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्याचा वीज अडवणारा थर स्पर्शाच्या जागीच साठतो. अशा झिजेचे वर्णन १९११ पासून आढळते. परंतु तिचे पद्धतशीर संशोधन इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील टॉमलिन्सन यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्रजीत या झिजेला फ्रेटिंग असे नाव आहे.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. नेहमी फिरवली जाणारी कळ आपली वाट आपणच पुसून स्वच्छ ठेवते. एकदा लावून तशीच सोडलेली कळ कंपांत एकाच बिंदूवर झिजत राहते. वापराने यंत्र झिजते हे सर्वांना ठाऊक असते. पण न वापरल्यानेही ते झिजू शकते, हा धडा या बिंदूने दिला.

इतका लहान बिंदू इतका अनर्थ का करतो, याचा उलगडा रॅग्नार होल्म या स्वीडिश संशोधकाने विद्युतस्पर्शांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून झाला. केंब्रिजमध्ये बोडन आणि टेबर यांच्या प्रयोगांनीही त्यावर प्रकाश पडला. आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तर केवळ काही शिखरे शिखरांना टेकतात. बाकी सारा प्रदेश कोरडाच राहतो. आणि खरा स्पर्श किती होणार, हे पृष्ठभागाच्या विस्तारावर नसून त्यावर पडणाऱ्या दाबावर ठरते. म्हणजे जीभ रुंद करून फारसे साधत नाही. ती नीट दाबली गेली पाहिजे. परंतु दाब वाढवला की झीज वाढते आणि कमी केला की जीभ उडते. या पेचातून वाट काढण्याचा इतिहास हाच सरकत्या स्पर्शाचा इतिहास होय.

अमेरिकेतील आर्नल्ड बेकमन यांचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. आम्लता मोजण्याच्या आपल्या उपकरणासाठी त्यांनी मळसूत्राप्रमाणे वेटोळे घेतलेला, दहा फेऱ्यांचा एक पोटेन्शिओमीटर तयार केला होता. हेलिपॉट हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या कामासाठी त्याला मागणी आली. पण मूळ घडण लष्करी धक्क्यांना पुरी पडेना. जे साधन रसायनशाळेत चोख काम देत होते, तेच जहाजाच्या आणि विमानाच्या हादऱ्यांत अपुरे ठरले. बेकमन यांना स्पर्शाची रचना नव्याने करावी लागली, तेव्हा कोठे ते रडारमध्ये विराजमान झाले.

अशा अनुभवांतून उपायांची एक परंपरा तयार झाली. जिभेचे वजन कमी ठेवावे. हलकी वस्तू हिसक्याने कमी उडते. एका जिभेऐवजी अनेक बारीक तारांची बोटे ठेवावीत आणि त्यांची लांबी थोडी निरनिराळी असावी. प्रत्येक लवचीक बोटाची स्वतःची एक कंपसंख्या असते आणि बाहेरचा कंप तिच्याशी जुळला की अनुनादाने ते बोट नाचू लागते. बोटे सारखी नसली, तर सगळी एकाच वेळी नाचत नाहीत; एक उडाले, तरी दुसरे मार्ग राखते. घरे सोडून माणसे एकदम देवदर्शनाला जाऊ नयेत, मागे कोणीतरी राहावे, या जुन्या शहाणपणासारखेच हे आहे. त्याचबरोबर स्पर्शाच्या जागी सहजासहजी न गंजणाऱ्या मौल्यवान धातूंचे मिश्रण वापरावे. वंगणाचा पातळ थर द्यावा. काही ठिकाणी सारे अंगच घट्ट तेलात बुडवून ठेवावे, म्हणजे कंप विरून जातात. एकदा जुळवून पुन्हा हलवावयाची नसलेली कळ चापाच्या नटाने आवळावी किंवा लाखेच्या थेंबाने पक्की करावी. शक्य असेल तेथे योग्य रोध मोजून काढावा आणि कळीच्या जागी त्या मापाचा स्थिर रोध बसवून मोकळे व्हावे. हा सर्वांत निर्धोक मार्ग.

रबराच्या आधारांवर उपकरण बसवण्याचा उपाय सोपा वाटतो, पण त्यालाही मर्यादा आहे. आधाराची स्वतःची कंपसंख्या असते. बाहेरचा कंप तिच्या सुमारे १.४ पटीहून जलद असेल, तरच आधार त्याला अडवतो. त्याहून मंद कंप तो कमी करीत नाही आणि जुळत्या कंपाला तर उलट वाढवतो. आधार न पारखता घातलेला रबर पुष्कळदा रोगापेक्षा औषध जड अशी स्थिती करून ठेवतो.

बंगळूरात या प्रश्नाचे दुसरे रूप टेलिफोनच्या कारखान्यात दिसले. १९४८ साली तेथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाली आणि लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने स्ट्रोजर पद्धतीची स्वयंचलित केंद्रे तयार होऊ लागली. आमन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा अमेरिकन व्यावसायिक. त्याने १८९१ मध्ये या पद्धतीचे एकस्व मिळवले. तिच्या निवडयंत्रात दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर दहा जागा असत. फिरवलेल्या आकड्यानुसार धातूची जीभ खटखट वर चढे आणि मग आडवी फिरून नेमक्या जागेवर थांबे. एका दालनात अशी असंख्य यंत्रे ठोके देत असत. एकाचे ठोके लोखंडी चौकटीतून शेजारच्या जिभेपर्यंत जात आणि तेथे चाललेल्या संभाषणात कुरकुर उमटे. बोलणारा मात्र समोरच्याच्या तारेला दोष देई. स्पर्शबिंदूंची नियमित साफसफाई, जिभेच्या दाबाची मोजणी आणि बोलण्याच्या मार्गातून थोडी स्थिर वीज सोडून गंजाचा थर फोडणे, असे उपाय योजावे लागत. पुढे १९६० नंतरच्या दशकात याच कारखान्याने क्रॉसबार पद्धतीकडे पाऊल टाकले. तीत जीभ सरकत नाही. स्पर्श फक्त दाबला जातो आणि सोडला जातो.

१९५४ साली जालहळ्ळी येथे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा पाया घातला गेला. तेथे १९५६ पासून दळणवळणाची साधने, १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६४ पासून आकाशवाणीसाठी प्रक्षेपके तयार होऊ लागली. 'आकाशवाणी' हे नाव १९३५ साली म्हैसूर येथेच एका खाजगी केंद्रासाठी प्रथम वापरले गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे औचित्य अधिक जाणवते. ध्वनिक्षेपणाच्या कक्षात आवाज नियंत्रित करण्यासाठी एके काळी कर्बाच्या पट्टीवर विसंबून राहत नसत. पितळी खुंट्यांची रांग करून खुंट्याखुंट्यांमध्ये स्थिर रोध जोडीत आणि जीभ एका खुंटीवरून दुसरीवर नेत. खरखर श्रोत्यांपर्यंत जाऊ नये यासाठी ही दक्षता होती.

लष्करी आणि हवाई साधनांच्या बाबतीत विश्वासावर काम भागत नाही. प्रत्येक घटकाला कंपनमेजावर कसोटी द्यावी लागते. हे मेज तत्त्वतः रेडिओच्या कर्ण्याचे थोरले भावंड असते. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे नाचते आणि त्याबरोबर मेजावरची वस्तू. कंपांची गती हळूहळू वाढवत नेतात आणि त्या वेळी घटकातून वीज अखंड वाहते की नाही, हे पाहतात. घटक कसोटीनंतर शाबूत दिसणे पुरेसे नसते; कसोटी चालू असताना त्याने एक क्षणही हात सोडता कामा नये.

पीन्या येथील साध्या औद्योगिक शेडमध्ये घडवलेला ३६० किलो वजनाचा 'आर्यभट' १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला. उड्डाणाच्या काही मिनिटांत उपग्रहाला जे हादरे बसतात, ते विमानाला आयुष्यभरातही क्वचितच बसत असतील. आणि वर गेल्यावर दुरुस्तीसाठी कोणाचाही हात तेथे पोचत नाही. पुढील काळात सूर्याकडे तोंड वळवणारे सौरपंख असलेले उपग्रह बंगळूरात तयार झाले. फिरत्या पंखावरची वीज उपग्रहाच्या अंगात आणावयाची, तर पुन्हा तोच जुना सरकता स्पर्श, म्हणजे कडे आणि ब्रश, उभा राहतो. नेहमीचा ग्रॅफाइट मात्र येथे दगा देतो. त्याला निसरडे राहण्यासाठी हवेतील बाष्प लागते. महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांतील ब्रश झपाट्याने भुकटी होऊन पडू लागले, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली होती. म्हणून निर्वातात सोन्यासारखे धातू किंवा चांदीत मिसळलेले कोरडे वंगण वापरण्याचा प्रघात पडला.

आज अनेक ठिकाणी स्पर्शच वगळला जातो. स्थान ओळखण्याचे काम चुंबकीय क्षेत्र किंवा प्रकाशकिरण करतात. विमानातील इंधनाची पातळी तरंगत्या गोळ्याऐवजी धारकतेवरून मोजता येते. टेलिफोन केंद्रांतील जिभा तर कधीच थांबल्या. तरीही सरकता स्पर्श पुरता मावळलेला नाही. तो साधा आहे, स्वस्त आहे आणि त्याची प्रकृती ओळखून घेतली तर वर्षानुवर्षे इमाने सेवा करतो. मोठी यंत्रे उभारणाऱ्यांची नावे इतिहास जपतो, ते योग्यच आहे. पण धरणाची वीज, विमानाचे उड्डाण आणि उपग्रहाचा संदेश ही सारी अखेर टाचणीच्या टोकाहून लहान अशा काही शिखरांच्या भेटीवर अवलंबून असतात. ती भेट तुटू नये म्हणून जिभेचा दाब मोजीत, बोटे तपासीत आणि कंपनमेजापाशी कान देऊन बसलेल्या माणसांचे कामही त्याच इतिहासाचे एक पान आहे.