रिव्हर्टनचा भुंगेरा

जुलैचा पहिला आठवडा आला की कनेटिकटमधल्या आमच्या बागेत गुलाबाच्या पानांची चाळणी होते. शिरा तेवढ्या उरतात. हे काम जपानी भुंगेऱ्याचं. वालाच्या दाण्याएवढा किडा, हिरवं डोकं, तांब्यासारखी चकचकीत पाठ. दिसायला देखणा, हे मान्यच करावं लागतं. दुकानात त्याच्यावरचे फवारे हवे तेवढे मिळतात. पण सांगलीहून आलेल्या सासूबाई याच फुलांनी सकाळची पूजा करतात आणि पाकळ्या गुलकंदाला घेतात. त्या पाकळ्यांवर फवारा कसा मारणार?

गेल्या वर्षी लॉनचा पिवळा पडलेला कोपरा त्यांनीच उकरला. आतली वळलेली पांढरी अळी तळहातावर घेऊन म्हणाल्या, "अगं, ही तर हुमणी!" जात वेगळी, पण ओळख बरोबर. उसाची मुळं खाणारी हुमणी आणि आमच्या गवताची मुळं खाणारी ही अळी एकाच कुळातल्या.

अमेरिकेत हा भुंगेरा पहिल्यांदा सापडला 1916 मध्ये, न्यू जर्सीत डेलावेअर नदीकाठच्या रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत. आयरिसच्या कंदांबरोबर आलेल्या मातीतून अळ्या आल्या असाव्यात, असं मानतात, आणि तेही 1912 पूर्वी, कारण बाहेरून येणाऱ्या रोपांच्या तपासणीचा कायदा त्या वर्षी झाला. जपानात हा किडा फारसा उपद्रव देत नाही. तिथे त्याचे शत्रू आहेत आणि लॉनची अशी मैलोन् मैल पंगतही नाही. इथे पान वाढलेलं होतं आणि वैरी मागे राहिले होते.

सुरुवातीला भुंगेरे हाताने वेचले गेले, मग लेड आर्सेनेट आलं. शिसं आणि आर्सेनिक मातीत पडलं की मुक्कामालाच येतं.

त्याच सुमारास कृषी खात्याची माणसं जपान, कोरिया, चीनमध्ये या किड्याचे वैरी शोधत हिंडत होती. 1920 ते 1933 या काळात त्यांनी सुमारे 49 जाती आणल्या. बहुतेक इथे तगल्या नाहीत. तगलेल्यांपैकी टिफिया नावाची गांधीलमाशीसारखी काळी माशी जमिनीत शिरून अळीला बधिर करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. दुसरी एक साधी दिसणारी माशी थेट भुंगेऱ्याच्या मानेमागे पांढरं अंडं चिकटवते. ती न्यू इंग्लंडात चांगली रुजली.

1933 मध्ये न्यू जर्सीतच काही अळ्या दुधाळ होऊन मेलेल्या सापडल्या. कारण एक जिवाणू. 1939 ते 1953 या काळात पूर्वेच्या 14 राज्यांत सुमारे 94,000 एकरांवर त्याची पूड टाकली गेली. हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या खाद्यावर वाढेना, म्हणून जिवंत अळ्यांना टोचून, त्या दळून खडूच्या भुकटीत मिसळत. काम किचकट आणि संथ, पण पूड टाकली की पुढचं काम अळ्याच करत. एक मेली की दुसरीला लागण.

इलिनॉयमध्ये शेल्डनजवळ 1954 मध्ये एवढा धीर धरला नाही. विमानातून डिल्ड्रिन टाकलं. पुढे काय झालं ते रेचेल कार्सननी 1962 च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये लिहिलंय: रॉबिन पक्षी मेले, शेतांवरच्या मांजरांपैकी नव्वद टक्के मेली. भुंगेरा मात्र पश्चिमेकडे सरकतच राहिला. दुधाळ रोगाची पूड तिथे फार महाग पडेल, असं कारण दिलं गेलं होतं!

आमच्याकडे मी ती पूड टाकलेली नाही. थंड मातीत ती नीट चालत नाही. त्याऐवजी जुलैत लॉनला पाणी देणं बंद केलंय, कारण ओल नसली की अंडी सुकतात. गवत थोडं पिवळटतं, शेजारी बघतात, पण सप्टेंबरात पुन्हा हिरवं होतं. वासाचे सापळे लावत नाही. ते पकडतात त्याहून जास्त भुंगेरे बोलावून आणतात. गुलाबाच्या बुडाशी चार बोटं लाकडाचा चुरा घातलाय, त्यामुळे तण फार वर येत नाही. पिओनी लावलीय, टिफियाला तिचा मध आवडतो.

मेहनत म्हणाल तर सकाळची दहा मिनिटं. गारव्यात भुंगेरे सुस्त असतात आणि धक्का लागला की टपकन खाली पडतात. सासूबाई एका हातात परडी आणि दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन जातात. गावाकडे पहिल्या पावसानंतर कडुलिंब-बाभळी हलवून हुमणीचे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतात, तसंच हे. आधी खाल्लेल्या पानांच्या वासावर पुढचे येतात, म्हणून पहिले पाहुणे वेचणं महत्त्वाचं.

मानेमागे पांढरा ठिपका दिसला की मात्र त्या तो भुंगेरा सोडून देतात. आठवड्याभरात तो मरतो आणि आतून पुढची माशी तयार होते. परवा डब्यात नऊ पडले, ठिपक्याचे तीन सोडले. गुलकंदाची बरणी खिडकीत उन्हाला ठेवलीय.