बायबलोक्त सण, मसीहानिष्ठांचे

जुन्या कराराच्या लेवीय ग्रंथात, २३ व्या अध्यायात, इस्राएलास नेमून दिलेले सात वार्षिक सण, येशू हाच प्रतिज्ञात मसीहा होय या श्रद्धेने पाळण्याचा परिपाठ. नीसान महिन्यात वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण व प्रथम उपजाचे अर्पण. पुढे पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण. आणि तिश्री महिन्याच्या १ तारखेस कर्णे वाजविण्याचा सण, १० तारखेस प्रायश्चित्ताचा दिवस व १५ पासून मांडवांचा सण, असा त्यांचा क्रम आहे. पहिल्या चारांचा आशय येशूचे बलिदान, दफन, पुनरुत्थान आणि पवित्र आत्म्याचे अवतरण यांत फलद्रूप झाला असून उरलेल्या तिहींची पूर्तता त्याच्या पुनरागमनाच्या वेळी व्हावयाची आहे, असे मसीहानिष्ठ, म्हणजे या श्रद्धेने हे सण पाळणारे, मानतात. त्यामुळे त्यांचा सण स्मरणाचा तसाच प्रतीक्षेचाही असतो.

आरंभीचे येशूभक्त यहुदीच असल्याने हे सण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. पुढे ३२५ च्या निकेया परिषदेने पुनरुत्थानाचा सण यहुदी कालगणनेपासून अलग केला. अमेरिकेत १९१५ साली स्थापन झालेल्या 'हिब्रू ख्रिश्चन अलायन्स'ने १९७५ साली 'मेसिअॅनिक', म्हणजे मसीहानिष्ठ, हे नाव स्वीकारले, तेव्हा या रिवाजास नवे बळ मिळाले. यहुदी धर्मसंस्था मात्र मसीहानिष्ठ पंथास यहुदी धर्माचा भाग मानीत नाहीत.

या सणांचे धागे भारतातही आढळतात. चेन्नईत अड्यार नदीकाठी, सैदापेटच्या 'लिटल माउंट' टेकडीवरील गुहेत प्रेषित थोमा राहिला, अशी परंपरा असून पोर्तुगीजांनी तेथे १५५१ साली चर्च उभारले. ही परंपरा ग्राह्य धरली, तर या किनाऱ्यावर मसीहाची वार्ता आणणारा पुरुष बाळपणापासून वल्हांडण पाळत आलेला यहुदी होता. थोमाचा वारसा सांगणाऱ्या केरळीय नसराणी ख्रिस्ती घराण्यांत पवित्र गुरुवारी रात्री 'पेसहा' (वल्हांडण) होतो: तांदूळ व उडीद यांच्या बेखमीर अप्पमवर झावळीच्या पात्यांचा क्रूस ठेवतात, कुटुंबप्रमुख प्रार्थनेनंतर ते कापून वयाच्या क्रमाने वाटतो, व सोबत नारळाचे दूध आणि गूळ यांचे 'पाल' देतो; वर्षभरात मृत्यू घडलेल्या घरी हे अन्न शिजत नाही, शेजारी ते आणून देतात.

अड्यारच्याच थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात १९२५ च्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनात यहुदी थिऑसॉफिस्टांची संघटना निघाली व सिनेगॉगची कोनशिलाही बसली, परंतु वास्तू उभी राहिली नाही. ही चळवळ मसीहानिष्ठ नव्हती. मसीहानिष्ठ नसलेल्याच, कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल यहुद्यांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या, धर्मग्रंथ व पुरोहित यांवाचून, नव्याचा सण, दारफाळणी (प्रायश्चित्ताचा दिवस) व खिरीचा सण आपापल्या घरी जतन केले.

हे दाखले पाहता सणांचे सातत्य मंदिरापेक्षा कुटुंबाच्या निष्ठेवर अधिक अवलंबून असते, असे दिसते; म्हणून आज हे सण नव्याने अंगीकारणाऱ्या मसीहानिष्ठाने, ज्या यहुदी घरांनी ते अनेक आपत्तींतून सांभाळले त्यांचे ऋण मान्य करूनच ते पाळणे उचित होय.