वायफळाची कुळकथा

माझी भाची न्हावा शेव्याला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करते. दिवसभर तिच्यासमोर बंदरांचे पाच-पाच अक्षरांचे कोड असतात. न्हावा शेवा म्हणजे आयएनएनएसए, थायलंडचं लाएम चाबांग म्हणजे टीएचएलसीएच. थायलंड तिला पहिल्यांदा भेटला तो असा, बीएलच्या, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या, एका रकान्यात. मग एका मैत्रिणीने लिंक पाठवली, आणि तेव्हापासून घरी परतताना बसमध्ये कानात हेडफोन घालून ती थाई मालिका बघते. दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात, अशा मालिका.

एका रविवारी मी तिच्या शेजारी बसून दोन भाग पाहिले. एक मुलगा दुसऱ्याच्या खोलीवर गेला. दोघांनी नूडल्स खाल्ल्या. निघताना एकाने दुसऱ्याची बॅग उचलून दिली, आणि बोटाला बोट लागलं ते तीन बाजूंनी, सावकाश दाखवलं. मी म्हटलं, "अगं, यात घडत काहीच नाही." ती म्हणाली, "मावशी, तेच तर बघायचं असतं."

या उत्तराने मला बरंच वाचायला लावलं. वाचता वाचता कळलं की गोष्टीत काही घडत नाही ही तक्रार माझ्या आधी चाळीसेक वर्षं केली गेली होती, आणि ती या प्रकाराच्या नावातच गोठून राहिली आहे.

थायलंडमध्ये या मालिकांना 'सीरीज वाय' म्हणतात आणि त्या आवडीने वाचणाऱ्या-बघणाऱ्या मुलींना 'साओ वाय', म्हणजे वायवाल्या मुली. हा वाय म्हणजे इंग्रजी अक्षर, जपानी 'याओइ' या शब्दाचं आद्याक्षर. आणि याओइ हा शब्द तीन तुकडे जोडून केलेला आहे: यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी. यामा म्हणजे डोंगर, इथे गोष्टीचं शिखर. ओची म्हणजे पडणं. जपानचा राकुगो कथेकरी बैठक मारून गोष्ट सांगतो आणि शेवटच्या ज्या बोलावर ती संपवतो, त्या बोलाला ओची म्हणतात. इमी म्हणजे अर्थ. नाशी म्हणजे नाही. शिखर नाही, कलाटणी नाही, अर्थ नाही. याला मराठीत एक शब्द तयारच आहे: वायफळ. आपल्या 'वाया'चं आणि त्या 'वाय'चं नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे. पण तो सापडला तेव्हा मला फार आनंद झाला.

हा शब्द १९७९ साली साकाता यासुको आणि हात्सु अकिको या चित्रकथाकार स्त्रियांच्या मंडळाने एका हौशी अंकात रूढ केला. टोकियोत १९७५ पासून हौशी चित्रकथांचा एक बाजार भरू लागला होता. तिथे बायका-मुली स्वतः काढलेले, स्वतः छापून घेतलेले अंक विकत. त्यांतल्या पुष्कळ कथा म्हणजे नुसते आवडते प्रसंग: दोन तरुण, एक संध्याकाळ, एक अबोला. सुरुवात-मध्य-शेवट यांचा हिशेब कोणी ठेवत नसे. आपल्या या लेखनाला त्यांनी स्वतःच हसत हसत वायफळ म्हटलं. थट्टेचं नाव पुढे अख्ख्या प्रकाराला चिकटलं.

मात्र त्यांच्या आधीच्या गोष्टी वायफळ नव्हत्या. हागियो मोतो यांची 'थॉमसचं हृदय' १९७४ची, ताकेमिया केइको यांची 'वारा आणि झाडांचं गाणं' १९७६ची. युरोपातल्या शाळांची वसतिगृहं, कोवळे मुलगे आणि मृत्यू. हागियोंची कथा तर एका मुलाच्या मरणापासूनच सुरू होते. या कथांना शिखर होतं, अर्थ होता, आणि त्याची किंमत म्हणून कोणाला तरी जीव द्यावा लागत होता. हौशी पोरींनी शिखर सोडून दिलं तेव्हा त्याबरोबर ते मरणही सुटलं. हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण झालं ते असं.

जपानी चित्रकथा थायलंडमध्ये बहुतेक विनापरवाना भाषांतरांतून पोचल्या. मग थाई मुली स्वतः लिहू लागल्या, नेटवर, क्रमशः, आणि त्या कादंबऱ्यांतून मालिका निघाल्या. २०१४ची 'लव्ह सिक' ही पहिली मोठी. तिची कथा मला कुळकथेच्या दृष्टीने फार बोलकी वाटते. शाळकरी फुनला वडिलांनी ठरवलेल्या मुलीपासून सुटका हवी असते. त्याची धाकटी बहीण मदत करायला तयार असते, पण ती स्वतः वायवाली, म्हणून तिची अट अशी की दादाला बॉयफ्रेंड असायला हवा. फुन मग नोहला खोटा बॉयफ्रेंड व्हायची गळ घालतो. म्हणजे पहिल्याच मोठ्या मालिकेत वाचक मुलगी पडद्यावर आली आणि गोष्ट तिच्याच हट्टाने सुरू झाली.

दोन वर्षांनी जीएमएमटीव्हीची 'सोटस' आली. अभियांत्रिकी कॉलेज, नव्या मुलांवर दरडावणारे सीनियर आणि त्या रॅगिंगला उलट प्रश्न विचारणारा एक फ्रेशर. तिच्या यशाने साचा पक्का झाला: कॉलेज, युनिफॉर्म, बारा-तेरा भाग. ही कंपनी यूट्यूबवर एकेक भाग चार तुकड्यांत टाकते, त्यामुळे पटकथेलाही दर पाऊण तासात चार उंबरे पार करावे लागतात. चौथ्या तुकड्याच्या टोकाशी चुंबन ठेवायचं की भांडण, यावर आठवड्याची चर्चा ठरते. मध्येच कोणीतरी एखादं क्रीम कॅमेऱ्याकडे वळवून गालाला लावतं, कारण पैसे प्रायोजकाचे. दर्जा घसरतो तो इथे. आणखीही एका ठिकाणी घसरतो, ते मला जास्त लागतं. सुरुवातीच्या कित्येक मालिकांत नायक म्हणतो की मला मुलगे आवडत नाहीत, फक्त हा एकच आवडतो. जबरदस्तीलाही कित्येकदा प्रेमाचं नाव दिलेलं आहे. मुलींनी मुलींसाठी रचलेल्या स्वप्नात खऱ्या समलिंगी माणसाला बसायला जागाच ठेवलेली नव्हती.

ती जागा पुढे करून घेतली गेली. २०२०ची 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' पाच भागांची, फुकेतमध्ये घडणारी. तेह आणि ओह-एव हे लहानपणी दुरावलेले दोन मित्र चिनी भाषेच्या शिकवणीत पुन्हा भेटतात. एक दुसऱ्याला शब्द शिकवतो, पण स्वतःला काय होतंय यासाठी त्याच्यापाशी कोणत्याच भाषेत शब्द नसतो. सगळा ताण एवढ्यावरच उभा आहे. त्यातली लाल जास्वंद बघताना मला देवघर आठवलं, आणि आठवलं याचा संकोच वाटला नाही. नफनाच चैयविमोल यांची 'बॅड बडी' २०२१ अखेरीस आली. शेजारी घरं, वैरी आईबाप, एकमेकांसमोरच्या खिडक्या. नेहमीचे साचे ती एकेक करून समोर ठेवते आणि बाजूला सारते. अनुचा बुन्यवत्तना या पारलिंगी दिग्दर्शिकेने 'नॉट मी'मध्ये थेट रस्त्यावरची निदर्शनं आणि विवाहसमतेची मागणी आणली.

आता आपल्याकडे बघते. मराठीने हा विषय आधीच आणि अतिशय गंभीरपणे हाताळला. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१चं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली होती. नमा या मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्राची हकिकत तिचा मित्र बापू सांगतो, आणि ती आत्महत्येपाशी संपते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' कादंबरी २००६ची: पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर जीव लावतात, आणि तो दोघांनाही टाकून जातो. या दोन्ही कलाकृती मला प्रिय आहेत. त्यांची बांधणी थाई मालिकांच्या कितीतरी वरची आहे. पण त्यांतल्या प्रेमाच्या वाट्याला नूडल्सची एक निवांत संध्याकाळ किती येते? आपण शिखर दिलं, अर्थ दिला. रोजचा मंगळवार नाही दिला.

तो दिला रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाने. वडील गेल्यावर तिशीतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या आहे, लग्न टाळत राहिलेला. सुतकाचे नियम, जमलेल्या बायका, कधी करणार लग्न ही विचारणा, आणि त्यातून वाट काढत दोघांचं एकमेकांजवळ बसणं. दिग्दर्शकाने स्वतःच्या वडिलांमागे काढलेल्या दिवसांतून ही गोष्ट निघाली. यामा शोधाल तर सापडत नाही. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे, त्यामुळे गौप्यस्फोटाची ओचीही नाही. सनडान्स चित्रपट महोत्सव २३ जानेवारी २०२५ला सुरू झाला, नेमक्या त्याच दिवशी थायलंडमध्ये विवाहसमतेचा कायदा लागू झाला. त्या महोत्सवात 'साबर बोंडं'ला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी विवाह मान्य करायला नकार दिलेला आहे. बाळ्या आणि आनंद यांना ते ठाऊक असणार. चित्रपटात कोणी त्यावर भाषण करत नाही.

साबर बोंड म्हणजे निवडुंगाचं फळ. काटे सोलून ते खायला वेळ लागतो, आणि कॅमेरा तेवढा वेळ थांबतो. बॅग उचलून देणाऱ्या त्या मुलाच्या बोटांवरही तो असाच थांबला होता. तिथे मला कंटाळा आला होता आणि इथे डोळे भरून आले. भाषा आपली, माती आपली, कसबही फार वरचं. तरी थांबणं तेच.

परवा भाची रात्री साडेनऊला घरी आली. एका मालिकेचा शेवटचा भाग बसमध्ये संपला होता. मी ताट वाढताना विचारलं, "काय झालं गं शेवटी?"

"काही नाही. दोघं जेवले. मग एकाने भांडी घासली, दुसऱ्याने पुसली."

"मग?"

"संपलं," ती म्हणाली, आणि फोन चार्जिंगला लावून जेवायला बसली.