गदा, पदक आणि थोरवी : मल्लाचे मोजमाप कसे करावे?

भिवंडी तालुक्यात जत्रांचे दिवस सुरू झाले, की गावोगावी कुस्त्यांचे फड लागतात. शेवटची निकाली कुस्ती सुटली तरी माणसे लगेच पांगत नाहीत, कारण त्यानंतर वाद सुरू होतो तो श्रेष्ठत्वाचा. जुन्या पिढीला मारुती माने यांच्यापुढे कोणी दिसत नाही, तरुणांना अलीकडचा महाराष्ट्र केसरी थोर वाटतो आणि यंत्रमागावर कामासाठी उत्तरेतून आलेला कामगार सतपाल यांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. मुष्टियुद्धाच्या जगातही जो लुई, शुगर रे रॉबिन्सन आणि महंमद अली यांच्यावरून हाच वाद अनेक दशके चालत आला आहे. वेगवेगळ्या काळांतील लढवय्ये एकमेकांसमोर उभे राहू शकत नाहीत. त्यामुळे हा वाद कधीच चितपट होत नाही. तरीही थोरवी पारखण्याच्या काही कसोट्या निश्चित सांगता येतात.

किताबाची कसोटी

पहिली आणि सर्वांत सोपी कसोटी किताबाची. हिंद केसरी ही स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे आणि १९६० मध्ये गणपत आंदळकर यांनी हा मान महाराष्ट्रात आणला. महाराष्ट्र केसरीचा आरंभ १९६१ मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाला आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. माती आणि गादी अशा दोन्ही विभागांतील विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात आणि विजेत्याच्या खांद्यावर मानाची गदा येते. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ असा सलग तीन वेळा हा किताब जिंकला. सातत्याचा याहून स्पष्ट पुरावा राज्याच्या कुस्तीत क्वचितच सापडेल.

परंतु किताब एका स्पर्धेतील, एका दिवसाचा निकाल सांगतो. प्रतिस्पर्धी कोण होते, त्या वर्षी कोण दुखापतीने बाहेर होते, विजेत्याने पुढे काय केले, हे गदेवर कोरलेले नसते. त्याहून मोठी अडचण वजनाची आहे आणि मराठी कुस्तीशौकिनांनी तिचा फारसा विचार केलेला नाही.

वजनाचा अन्याय

केसरीचा किताब वजनदार मल्लांच्या गटात ठरतो. हलक्या गटांतील मल्लांना त्यांच्या गटाचे पदक मिळते, पण गदा मिळत नाही. हत्तीवरून मिरवणूक आणि तोंडी फिरणारी कीर्ती ही बहुधा गदेच्या मागे जाते. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हे याचे ठळक उदाहरण. त्यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. जागतिक स्पर्धेत पदक जिंकणारे मराठी मल्ल बोटांवर मोजण्याइतके आहेत. तरीही ज्यांनी कधी देशाबाहेर पदक जिंकले नाही अशा अनेक केसरींची नावे गावोगावी आवारे यांच्या आधी घेतली जातात.

मुष्टियुद्धाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. सर्व मुष्टियोद्धे समान वजनाचे आहेत असे गृहीत धरले तर त्यांत श्रेष्ठ कोण, असा विचार तेथे रूढ झाला. या विचाराला बळ मिळाले ते मुख्यत्वे शुगर रे रॉबिन्सन यांच्यामुळे. वेल्टरवेट गटाचे जगज्जेते असलेल्या रॉबिन्सन यांनी पुढे मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद पाच वेळा जिंकले. हेवीवेट गटातील कोणाही जगज्जेत्यापेक्षा ते आकाराने लहान होते, परंतु अनेक जाणकार त्यांना सर्वश्रेष्ठ मानतात. भारतातही मेरी कोमचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिने २००२ ते २०१८ या काळात सहा वेळा जागतिक सुवर्णपदक जिंकले, तेही ४५ ते ४८ किलोच्या गटांत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी तीनच गट होते आणि त्यांतील सर्वांत हलका ५१ किलोचा होता. आपल्याहून अंगाने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढून तिने मिळविलेल्या कांस्यपदकाचे मोल केवळ धातूवरून ठरविता येणार नाही.

प्रतिस्पर्धी कोण होता?

तिसरी कसोटी प्रतिस्पर्ध्याची. रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून अपराजित निवृत्त झाले. मात्र १९५१ मध्ये त्यांनी हरविलेले जो लुई तेव्हा ३७ वर्षांचे होते आणि त्यांचा उतरता काळ सुरू झाला होता. मार्सियानो यांचा पराक्रम त्यामुळे खोटा ठरत नाही, पण ४९ हा आकडा एकटा पुरेसा नाही, हे ध्यानात येते. उपखंडातील गामा पैलवानांची कीर्तीही अशीच तपासावी लागते. १९१० मध्ये लंडनला पोलंडच्या झ्बिश्को यांच्याशी त्यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक काळ चालून बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळा येथे याच झ्बिश्को यांना त्यांनी मिनिटाच्या आत आस्मान दाखविले. ऐकायला दुसरी कुस्ती रोमहर्षक वाटते. परंतु तेव्हा झ्बिश्को पन्नाशीच्या जवळ पोहोचले होते. जाणकाराला पहिली बरोबरीच अधिक बोलकी वाटावी.

महाराष्ट्रात या कसोटीवर उतरणारी लढत म्हणजे १९७७ ची बेळगावची कुस्ती. हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्या वेळी ऐन भरात असलेल्या सतपाल यांना हरविले. सतपाल यांनी पुढे १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्यामुळे बिराजदार यांच्या विजयाचे वजन काळाबरोबर वाढतच गेले. १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकाइतकेच बेळगावच्या त्या कुस्तीसाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते.

पराभवानंतरचा मल्ल

पराभव हा थोरवीला लागलेला डाग आहे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. वास्तविक पराभवानंतर मल्ल काय करतो, यावरून त्याची खरी ओळख पटते. जो लुई यांना १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग यांनी हरविले. दोन वर्षांनी लुई यांनी त्यांना पहिल्याच फेरीत पराभूत केले आणि जगज्जेतेपद विक्रमी २५ वेळा राखले. महंमद अली यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्याने १९६७ मध्ये त्यांचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले. ऐन उमेदीची साडेतीन वर्षे वाया गेली. पुनरागमनानंतर १९७१ मध्ये जो फ्रेझर यांच्याकडून ते हरले, परंतु १९७४ मध्ये जॉर्ज फोरमन यांना नमवून त्यांनी जगज्जेतेपद पुन्हा मिळविले. अली यांच्या नावावर पाच पराभव आहेत. त्यांची थोरवी मात्र अपराजित मार्सियानो यांच्यापेक्षा कमी मानली जात नाही.

खाशाबांचा हिशेब

या सर्व कसोट्या एकत्र लावायच्या तर खाशाबा जाधव यांच्यापाशी यावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मातीत घडलेल्या खाशाबांना मॅट नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही परके होते. पुढची चार वर्षे त्यांनी या उणिवा भरून काढण्यात घालविली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव यांच्याकडून ते पराभूत झाले. हे दोघे अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्यपदकाचे मानकरी ठरले. खाशाबांना मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ मध्ये लिअँडर पेसची वाट पाहावी लागली.

किताबाच्या कसोटीवर खाशाबांच्या हाती काहीच लागत नाही. हिंद केसरी आणि महाराष्ट्र केसरी या दोन्ही स्पर्धा त्यांच्या पदकानंतरच्या, आणि त्या आधी असत्या तरी ५७ किलोच्या मल्लाला गदा मिळणे शक्य नव्हते. अपराजितपणाही त्यांच्या नावावर नाही. पण प्रतिस्पर्धी जगातील सर्वोत्तम, साधने अपुरी आणि पहिल्या अपयशानंतरची तयारी असामान्य, असा त्यांचा हिशेब आहे. मायदेशी परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचे कर्ज फेडले. पुढे ते पोलीस खात्यात दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन होईपर्यंत अर्जुन पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला नाही. तो मिळाला २००० साली, मरणोत्तर.

विद्येचा वारसा

शेवटची कसोटी आखाड्याबाहेरची आहे. मल्लाने आपली विद्या पुढे दिली की नाही, हे पाहावे लागते. गणपत आंदळकर यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडविल्या. बिराजदारांनीही तेच केले आणि राहुल आवारे हे त्यांच्याच तालमीत वाढले. मल्लाचे अंग चाळिशीत थकते, पण त्याने शिकविलेला डाव शिष्याच्या अंगात राहतो.

म्हणून थोरवीचा निवाडा करताना गदा मोजण्यास हरकत नाही, मात्र तेथेच थांबू नये. मल्ल कोणत्या वजनाचा होता, कोणाशी लढला, हरल्यावर कसा उठला, कोणत्या परिस्थितीतून आला आणि मागे काय ठेवून गेला, हे पाच प्रश्न प्रत्येक नावाला विचारावेत. त्यांची उत्तरे कधी कधी सर्वांत बलदंड मल्लाऐवजी सर्वांत हलक्या मल्लाकडे बोट दाखवितात. महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडा दिनासाठी १५ जानेवारी ही तारीख निवडली. ती खाशाबांची जन्मतिथी आहे.