तीन डॉलर नव्वद सेंटचे खिळे

समजा, आपल्याला घरामागच्या परसात एक लहानशी लाकडी खोली बांधायची आहे. रुंदी १० फूट, लांबी १५ फूट, वर झोपण्यापुरता किंवा सामान ठेवण्यापुरता पोटमाळा. लाकूड किती लागेल? खिळे किती? खर्च किती येईल?

नेमक्या याच मापाच्या खोलीचा पैन्‌पैचा हिशेब एका माणसाने लिहून ठेवला आहे. तो माणूस म्हणजे हेन्‍री डेव्हिड थोरो. सविनय कायदेभंगाच्या संदर्भात हे नाव आपण शाळेत शिकवतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकॉर्ड नावाचे गाव आहे. तिथल्या वाल्डेन तळ्याकाठी त्याने १८४५ साली ही खोली स्वतःच्या हातांनी बांधली. कर भरायला नकार दिल्याबद्दल १८४६ साली तो एक रात्र तुरुंगात राहिला, तेव्हा त्याचा मुक्काम याच खोलीत होता. पुढे १८५४ साली ‘वाल्डेन’ या पुस्तकात त्याने खर्चाची यादी छापली. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्याच काळात केंब्रिजच्या कॉलेजातला विद्यार्थी याहून थोड्याच मोठ्या खोलीला वर्षाचे ३० डॉलर भाडे देत असे. म्हणजे वर्षभराच्या भाड्यात कायमचे घर!

या यादीतली एक नोंद आपले लक्ष वेधते. खिळे: ३ डॉलर ९० सेंट. फळ्यांना ८ डॉलर साडेतीन सेंट लागले, हजार जुन्या विटांना ४ डॉलर. म्हणजे खिळ्यांचा खर्च फळ्यांच्या जवळजवळ निम्मा आणि एकूण खर्चाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. आज कोणी असा हिशेब मांडला तर खिळे ‘किरकोळ’मध्ये जातील. तेव्हा ते किरकोळ का नव्हते?

जुनी पद्धत: खाच आणि कुसू

थोरोने मार्चच्या अखेरीस कुऱ्हाड उसनी आणली आणि पांढऱ्या पाइनची उंच, कोवळी झाडे तोडली. मुख्य लाकडे त्याने ६ इंच चौरस तासली. भिंतींचे बहुतेक उभे वासे दोनच बाजूंनी तासले. छपराचे वासे आणि जमिनीखालच्या कड्या एकाच बाजूने, बाकीची साल तशीच ठेवून. जिथे सपाटी लागणार तिथेच तासायचे, हे किती शहाणपणाचे! प्रत्येक लाकडाला त्याने खाच पाडली किंवा कुसू काढले. एका लाकडात भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसणारी जीभ, असा हा सांधा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत खांब आणि तुळई याच तऱ्हेने जोडलेली दिसतात. मे महिन्याच्या सुरुवातीला परिचितांना बोलावून त्याने सांगाडा उभा केला. एवढी जड लाकडे एकट्याने उचलता येत नाहीत. त्यामुळे सांगाडा उभारणे हे त्या मुलखात नेहमीच सामुदायिक काम असे.

या सांगाड्याला लोखंड जवळजवळ लागत नाही. मग खिळे कशाला? भिंतीच्या फळ्या, छपरावरची लाकडी कौले आणि गिलाव्यामागच्या पट्ट्या ठोकायला. म्हणजे थोरोचे घर दोन युगांच्या सीमेवर उभे होते: हाडे जुन्या पद्धतीची, कातडी खिळ्यांची.

खिळा स्वस्त कसा झाला

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रत्येक खिळा लोहार भट्टीत तापवून हाताने घडवीत असे. तो इतका मोलाचा होता, की व्हर्जिनिया वसाहतीत लोक घर सोडून जाताना ते जाळून राखेतले खिळे वेचून नेत. शेवटी १६४५ साली तिथे या प्रकाराविरुद्ध कायदा करावा लागला. थॉमस जेफर्सनने १७९४ मध्ये आपल्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला. तिथे घण मारणारे हात गुलाम मुलांचे होते, दहा ते सोळा वर्षांच्या.

याच सुमारास लोखंडी पट्टीतून खिळे कापणारी यंत्रे आली. जेकब पर्किन्सने १७९५ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. डॅनियल सिचेल या अर्थशास्त्रज्ञाने अलीकडे खिळ्यांच्या किमतींचा तीन शतकांचा मागोवा घेतला. त्याला असे आढळले, की अठराव्या शतकाच्या अखेरपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, महागाईचा हिशेब धरूनही, खिळ्याची किंमत सुमारे दहापटीने उतरली.

थोरो या उताराच्या मधल्या पायरीवर होता. खिळे विकत घेण्याइतके स्वस्त झाले होते, पण चोरण्याइतके मौल्यवान अजून होते. त्याने फळ्यांसाठी एक जुने खोपटे विकत घेऊन मोडले. फळ्यांच्या खेपा चालू असताना एका शेजाऱ्याने त्यांतले सरळ, पुन्हा ठोकता येतील असे खिळे हळूच खिशात घातले!

नवा सांगाडा

खिळे स्वस्त झाल्यावर सांगाड्याचाच नव्याने विचार करता आला. १८३० नंतरच्या दशकात शिकागोत लोकांची रीघ लागली होती. १८४० साली तिथली वस्ती साडेचार हजारांहून कमी होती; १८७० मध्ये ती तीन लाखांच्या घरात गेली. खाच-कुसू जाणणारे सुतार थोडे, पण गिरणीत कापलेले पाइन भरपूर. मग जाड खांबांऐवजी साधारण २ इंच बाय ४ इंचाचे सडपातळ वासे जवळजवळ उभे करायचे आणि नुसते खिळ्यांनी जोडायचे, ही रीत तिथे फोफावली. तिला ‘बलून फ्रेम’ हे नाव पडले. याचे श्रेय बराच काळ जॉर्ज वॉशिंग्टन स्नो याच्या १८३२ मधल्या गोदामाला किंवा ऑगस्टीन टेलरने १८३३ मध्ये बांधलेल्या सेंट मेरी चर्चला दिले जाई. कोणा एकाला असे श्रेय देणे आता इतिहासकारांना पटत नाही. अनेक सुतारांनी थोडे थोडे बदल करत ही रीत घडवली असावी.

वासे सहसा १६ इंचांवर का? गिलाव्यामागच्या पट्ट्या ४ फुटी, म्हणजे ४८ इंची असत. १६ त्रिक ४८; पट्टी वाया जात नाही.

पण सडपातळ वासे भार पेलतात कसे? इथे दोन प्रयोग वर्गात करता येतील.

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. कोपरा ढकला, चौकोन तिरका होतो. आता एक पट्टी कर्णावर लावा. तो हलत नाही, कारण त्रिकोणाच्या बाजू न बदलता त्याचे कोन बदलत नाहीत. जुन्या सांगाड्यात हे काम तिरके टेकू करीत. नव्या सांगाड्यात ते मुख्यतः तिरक्या पट्ट्या आणि सगळ्या भिंतीवर ठोकलेल्या फळ्या करतात.

दुसरा प्रयोग लाकडी फूटपट्टीचा. ती दोन पुस्तकांवर आडवी टेकवून मध्ये दाबा, सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा; वाकत नाही. तुळईची खोली दुप्पट केली, तर तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून माळ्याच्या कड्या नेहमी उभ्या बसवायच्या.

पोटमाळा फुकट मिळत नाही

उतरत्या छपराचे वासे भिंतींचे माथे बाहेर ढकलतात. माळ्याच्या कड्या भिंतीच्या माथ्याशी वाशांना जोडलेल्या असतील, तर त्या समोरासमोरच्या भिंतींना बांधून धरतात. म्हणजे माळा जागाही देतो आणि छप्परही सांभाळतो. पण माळ्यावर डोके लागू नये म्हणून कड्या दोन-तीन फूट खाली घेतल्या, तर वरच्या भागात भिंतीला वाकवणारा जोर शिल्लक राहतो. मग आढ्यालाच भार पेलणारी तुळई द्यावी लागते, किंवा भिंतीचे माथे दुसऱ्या कशाने तरी बांधावे लागतात. छोटी खोली आखताना हा प्रश्न आधी सोडवायचा असतो.

बलून फ्रेममध्ये वासे जमिनीपासून छपरापर्यंत सलग जातात. माळ्याच्या कड्या त्यांच्याशी खिळलेल्या असतात. यात एक धोका आहे. दोन वाशांमधली पोकळी धुराड्यासारखी होते आणि खाली लागलेली आग भिंतीच्या आतून थेट वर चढते. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत लाकडी शिकागोतले सुमारे ३०० लोक मेले, लाखभर बेघर झाले. तिथे दुष्काळ, वारा आणि लाकडाचे रस्तेही कारण होते. दोष एकट्या सांगाड्याचा नव्हता. विसाव्या शतकात मात्र मजल्यागणिक वासे तोडून मध्ये पाटाची आडकाठी घालणारी रीत रूढ झाली. ती ‘प्लॅटफॉर्म फ्रेम’. उत्तर अमेरिकेतली बहुतेक लाकडी घरे आजही अशीच बांधतात.

हिशेबाबाहेरचे

आता पुन्हा त्या २८ डॉलरांकडे वळू. थोरो प्रामाणिक होता. जागेवरचे लाकूड, दगड आणि वाळू हिशेबात धरलेली नाही, हे तो स्वतःच सांगतो. जमीन त्याचा मित्र एमर्सन याची होती. मजुरी त्याची स्वतःची.

आणि फळ्या? त्यांतल्या बहुतेक त्या खोपट्याच्या. जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे मजुराचे ते घर थोरोने सव्वाचार डॉलरला घेतले. काँकॉर्डला रेल्वे १८४४ मध्ये पोचली होती. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे कॉलिन्सचे कुटुंब बाहेर पडले. बिछाना, कॉफी दळायचे यंत्र, आरसा आणि कोंबड्या, एवढा संसार एका मोठ्या गाठोड्यात आणि हातात. मांजर मागेच राहिले. स्वस्त घर म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याच्या भिंती दुसऱ्या कोणाच्या तरी घराच्या होत्या.

हे सांगून थोरोचे मोल कमी करायचे नाही. त्यानेच हे लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळले. बहुतेक हिशेबांत एवढेही सापडत नाही.

त्याच्या यादीत एक सेंटचा खडू आहे. आपणही खडू घेऊन शाळेच्या पटांगणात १० बाय १५ फुटांचा आयत आखू या. दार, खिडक्या, चूल आणि माळ्याची शिडी कुठे, ते मुलांना ठरवू द्या. मग गावातले एक जुने घर निवडून त्याचा हिशेब मांडायला सांगा. त्यात तीन रकाने करा: विकत काय आणले, जमिनीतून आणि रानातून काय आले, आणि कोणाकोणाचे हात लागले. तिसरा रकाना भरायला मुलांना घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल.