पासपोर्ट हक्काचा, व्हिसा मर्जीचा: परदेशप्रवासाच्या परवानगीचा इतिहास



अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आलात की पासपोर्ट, व्हिसा, बँकेचे स्टेटमेंट हे शब्द वर्गात रोज कानावर पडू लागतात. ही कागदपत्रे जणू कायमची चालत आली आहेत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांचे आजचे रूप जेमतेम शंभर वर्षांचे आहे. या टिपणात आपण एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहोत: सीमा ओलांडणे हा माणसाचा हक्क, की कोणाची तरी मेहेरबानी? उत्तर शोधताना मधूनमधून म्हैसूरकडे वळू, कारण या इतिहासातील बरेच धागे या शहरात आणि त्याच्या आसपास सापडतात.

आधी दोन शब्दांतील फरक पक्का करा. पासपोर्ट आपले सरकार देते. 'हा आमचा नागरिक आहे' असे ते जगाला सांगते. व्हिसा दुसऱ्या देशाचे सरकार देते. 'याला आत येऊ देण्यास आमची हरकत नाही' एवढेच ते म्हणते. दोन्हींचे शिक्के एकाच पुस्तिकेत उमटतात, म्हणून गोंधळ होतो. पण दोन्हींचा इतिहास वेगवेगळ्या दिशांनी गेला आहे.

१. कागदाआधीचा काळ

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण करून आपण का जात आहोत हे सांगितले. लक्षात घ्या, त्यांना उत्तर द्यावे लागले ते समाजाला. समुद्र ओलांडण्याबद्दलचा रोष, बहिष्काराची भीती हे अडथळे होते. व्हिसा नावाचा अडथळा त्यांच्यासमोर नव्हता.

याचा अर्थ तेव्हाचे जग सर्वांना मोकळे होते असा मात्र नाही. आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली होती. दार सर्वांसाठी बंद करण्याआधी ते वंश पाहून बंद केले गेले, हा क्रम विसरू नका.

२. कोमागाता मारू: अटींच्या आडून बंदी

भारतीयांनी हा अनुभव १९१४ मध्ये घेतला. कॅनडाने १९०८ मध्ये 'अखंड प्रवासा'ची अट घातली होती: येणाऱ्याने आपल्या मायदेशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता यावे. अट वरवर सर्वांना सारखीच. पण भारतातून कॅनडाला थेट जाणारी जहाजेच उपलब्ध नव्हती. शिवाय आशियाई प्रवाशाकडे २०० डॉलर रोख असणे सक्तीचे होते.

२३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरला पोहोचले. बहुतेक प्रवासी पंजाबी होते आणि सगळे ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते. दोन महिने जहाज बंदरात अडवून ठेवले गेले. सुमारे दोन डझन लोकांना उतरू दिले. बाकीच्यांना २३ जुलैला परत पाठवले. सप्टेंबरच्या अखेरीस जहाज कलकत्त्याजवळ बजबज येथे आले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण मारले गेले.

आज व्हिसाच्या अर्जाला बँकेचे स्टेटमेंट जोडताना ते २०० डॉलर आठवा. पैसे दाखवण्याची अट स्वतःहून अन्यायकारक नसते. ती कोणाला लावली जाते आणि कोणाला माफ होते, हे पाहावे लागते.

३. युद्धातून आलेली पुस्तिका

पहिल्या महायुद्धात हेरगिरीच्या भीतीने देशोदेशी पासपोर्ट सक्तीचा झाला. युद्ध संपले, सक्ती राहिली. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने ३२ पानांच्या एकसारख्या पुस्तिकेची शिफारस केली. त्याच वर्षी भारतात येणाऱ्यांसाठी पासपोर्ट कायदा झाला. पुढे १९३९ मध्ये परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा आणि १९४६ मध्ये परदेशी व्यक्तींविषयीचा कायदा आला.

या व्यवस्थेत सगळे भारतीयही एका पायरीवर नव्हते. ब्रिटिश मुलखातला रहिवासी 'ब्रिटिश प्रजाजन', तर म्हैसूरसारख्या संस्थानातला 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' मानला जाई. पासपोर्टवरची एक ओळ माणसाचा दर्जा ठरवत होती.

४. पासपोर्ट हक्क झाला

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने सांगितले की परदेशी जाणे हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यामुळे सरकारला त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने बजावले की केवळ कायद्यात कार्यपद्धती असून भागत नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे.

यानंतर बरोबर ३९ वर्षांनी, २५ जानेवारी २०१७ रोजी, देशातील पहिली दोन टपाल कार्यालय पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली: एक गुजरातमधील दाहोदला, दुसरे म्हैसूरला. तारीख जुळली हा योगायोग. पण अर्थ पाहा: न्यायालयाने हक्क दिला तरी तो बजावायला बेंगळुरूची फेरी लागत असेल, तर गरिबाला तो महागच पडतो. हक्क निकालपत्रातून शेजारच्या पोस्टापर्यंत यायला इतकी वर्षे लागली.

५. व्हिसा मर्जीच राहिला

व्हिसाचे तसे झाले नाही. १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ निरंकुश मानला. म्हणजे तक्रार करताना आपण अर्जदाराच्या रांगेत असतो, पण आपला देश खिडकीच्या पलीकडेही बसलेला असतो.

तरीही लोकांचे वागणे कधी कधी नियम वाकवते. १९३० च्या दशकात म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात कृष्णमाचार्य योग शिकवत. तिथे शिकलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. पट्टाभि जोइस म्हैसूरलाच राहिले. पुढे दोघांकडे परदेशी विद्यार्थ्यांची रीघ लागली. आता सांगा, योग शिकायला आलेला माणूस पर्यटक की विद्यार्थी? कायद्याच्या चौकटीत तो नीट बसत नव्हता. अखेर २०१५ मध्ये सरकारने अल्पमुदतीचा योगवर्ग पर्यटक व्हिसात सामावून घेतला. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ई-पर्यटक व्हिसाची सोय ४३ देशांसाठी सुरू झाली होती. १९२०, १९३९ आणि १९४६ चे वसाहतकालीन कायदे मात्र १ सप्टेंबर २०२५ ला नवा कायदा लागू होईपर्यंत टिकून होते.

६. ज्यांच्याकडे पुस्तिकाच वेगळी

म्हैसूर जिल्ह्यात बैलकुप्पे येथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. परदेशी पाहुण्याला तिथे मुक्काम करायचा तर व्हिसाशिवाय आणखी एक परवानगी लागते. तिथल्या अनेक रहिवाशांकडे भारतीय पासपोर्ट नाही; परदेशी जाताना ते भारत सरकारचे 'ओळख प्रमाणपत्र' वापरतात. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. हे तिबेटींनाही लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. कायद्यात असलेला हक्कसुद्धा कोणाला तरी कोर्टात जाऊन मागावा लागला.

सारांश

पासपोर्ट मर्जीकडून हक्काकडे आला, तोही कोणीतरी सरकारशी भांडले म्हणून. व्हिसा अजून मर्जीच आहे. म्हणून पुढे अर्ज भराल तेव्हा नियम पाळाच, पण प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारा: ही कधी आली, कोणत्या भीतीतून आली, आणि कोणाला दाराबाहेर ठेवते?

स्वाध्याय

१. 'सर्वांना सारखी अट' भेदभाव करणारी कशी ठरू शकते? अखंड प्रवासाच्या अटीच्या आधारे लिहा.
२. १९६७ आणि १९७८ च्या निकालांत नेमका फरक कोणता?
३. तुमच्या जिल्ह्यात पासपोर्टचे सर्वांत जवळचे केंद्र कुठे आहे, ते कधी सुरू झाले आणि त्याआधी लोक कुठे जात, याची घरातल्या वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन एक पानभर टिपण लिहा.