नऊ पिना, पंधरा पिना

गेली काही वर्षे व्याख्यानाला निघताना मी शबनम पिशवीत चष्म्याच्या घराशेजारी तीन अडॅप्टर ठेवतो. त्यामागे एक नामुष्की आहे. एका जुन्या घराण्याकडचे मोडी कागद मी स्कॅन केले होते आणि ते एका सभागृहात पडद्यावर दाखवून वाचायचे होते. ज्यांनी ते रुमाल पन्नास वर्षे माळ्यावर जपले, ते आजोबा पहिल्या रांगेत येऊन बसले होते. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय, तर सभागृहाच्या प्रोजेक्टरला व्हीजीए. मधला अडॅप्टर मी आदल्याच दिवशी विकत आणला होता. लॅपटॉपकडून आलेली वायर त्यात बसली, तो प्रोजेक्टरमध्ये बसला, सगळे जागच्या जागी. पडदा मात्र निळाच. वीस मिनिटे खटपट केली. चूक कुठे झाली हे कळायला मला या वस्तूचा सगळा इतिहास चाळावा लागला.

'अडॅप्टर' हा शब्दच मुळात आजच्या अर्थाचा नाही. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा पडद्यावर चित्र पाठवण्याची सोय मुख्य बोर्डावर नव्हती. त्यासाठी वेगळे कार्ड खाचेत बसवावे लागे आणि त्या कार्डालाच अडॅप्टर म्हणत. अशी कार्डे दोन होती. मोनोक्रोम अडॅप्टर फक्त अक्षरे दाखवी, पण ती सुबक. एका ओळीत ८०, अशा २५ ओळी. कलर/ग्राफिक्स अडॅप्टर, म्हणजे सीजीए, रंग आणि चित्रे दाखवी, पण अक्षरे भरड. आज आपण ज्याला अडॅप्टर म्हणतो, तशी मधली डबी त्याआधीही होती. १९७७च्या ॲपल-२ संगणकाला घरचा टीव्ही जोडायचा तर आरएफ मॉड्युलेटर लागे. अमेरिकी सरकारच्या रेडिओ-व्यत्ययाच्या नियमांत अडकू नये म्हणून ॲपलने तो संगणकात घातला नाही. दुसऱ्याच कंपनीने तो वेगळा विकला. म्हणजे वायरीच्या मधली डबी वेगळी विकण्याचा धंदा पीसीपेक्षाही जुना.

आयबीएमच्या त्या दोन कार्डांत एक खोड होती. दोन्हींना मागे सारखेच नऊ पिनांचे तोंड. मोनोक्रोम कार्ड सेकंदाला सुमारे १८,४०० आडव्या रेषा पाठवी, सीजीए सुमारे १५,७००. मोनोक्रोम मॉनिटरमधले आडव्या रेषांचे मंडल कार्डाकडून येणाऱ्या स्पंदांवरच चालत असे. स्पंद चुकीचे आले की आतल्या ट्रान्स्फॉर्मरवर भलता ताण पडे. नव्वदच्या सुमारास मी एका दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करत होतो. घाईत मोनोक्रोम मॉनिटर कलर कार्डाला लावला. आधी बारीक शिट्टी, मग जळका वास. मॉनिटर गेला आणि माझा पगार चार महिने अर्धा झाला. मालकांचे चुकले असे मी म्हणणार नाही, पण सारखे तोंड देऊन वेगळा संकेत पाठवणाऱ्यांना कुणी कधी अर्धा पगार दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक यंत्रांत हर्क्युलस कार्ड किंवा त्याची नक्कल असे. या कार्डाची जन्मकथा आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. व्हॅन सुवन्नुकुल हा अमेरिकेत शिकणारा थाई विद्यार्थी. त्याला आपला प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. मोनोक्रोम कार्डातली २५६ अक्षरचिन्हे कारखान्यातच पक्की केलेली, त्यांत थाईला जागा नव्हती. आणि सीजीएवर थाईची बारीक वळणे नीट उमटत नव्हती. तेव्हा त्याने मोनोक्रोम मॉनिटरवरच ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे चित्र काढणारे कार्ड स्वतः घडवले आणि १९८२मध्ये कंपनी काढली. व्यापारी जगाने ते आलेखांसाठी डोक्यावर घेतले. मुळात ते एका लिपीच्या अडचणीतून आले होते.

देवनागरीची अडचण नेमकी तीच होती. तिच्यावरचा उपाय पुण्यात बाजारासाठी तयार झाला. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम झाले होते, ते मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये घेऊन आले. त्यातून जिस्ट कार्ड निघाले. पीसीच्या खाचेत ते बसवले की डॉसवर चालणारे डीबेससारखे इंग्रजी प्रोग्रॅमही पडद्यावर मराठी दाखवू लागत. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसे. मराठी यादी पडद्यावर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी काना, मात्रा, वेलांटी अशी एकेक जोडाक्षरासकट तपासली होती. एकही निसटली नव्हती.

रंगांचा प्रश्न मात्र वायरींच्या संख्येवर अडला होता. सीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा आणि उजळपणा अशा चार तारा, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणून रंग सोळा. १९८४च्या ईजीएने त्याच नऊ पिनांत रंगांच्या सहा तारा बसवल्या, रंग झाले ६४. असे किती वाढवणार? एप्रिल १९८७मध्ये पीएस/२ संगणकाबरोबर आलेल्या व्हीजीएने ही चालच सोडली. तीनच तारा, पण प्रत्येकीवर शून्य ते ०.७ व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब. जितका दाब, तितका रंग गडद किंवा उजळ. तोंड पंधरा पिनांचे झाले. पुढे काचेच्या नळ्या जाऊन सपाट पडदे आले. त्यांना आकडेच हवे असतात. तरीही संगणक आकड्यांचा दाब करत राहिला आणि पडदा दाबाचे पुन्हा आकडे. हा द्राविडी प्राणायाम वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१५पर्यंत व्हीजीए मोडीत काढण्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या सभागृहांना ती बातमी अजून पोचलेली नाही.

१९९९च्या डीव्हीआयने लोकांना एक वाईट सवय लावली. त्याच्या एका प्रकारात आकडे आणि दाब दोन्ही संकेत शेजारी शेजारी येत, त्यामुळे डीव्हीआयवरून व्हीजीएवर जाणारा अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा. स्वस्त आणि बिनडोक. त्यावरून सगळेच अडॅप्टर तसे, असा समज झाला. २००२च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयमध्ये मात्र दाबाचा संकेत नाहीच. तिथून व्हीजीएवर जायचे तर आकड्यांचा दाब करणारी चिप लागते. उलट दिशेने जायचे तर दाबाचे आकडे करणारी, म्हणजे वेगळीच चिप. पहिलीला लागणारी वीज एचडीएमआयच्याच एका पिनेतून मिळू शकते. दुसरीला बहुधा बाहेरून द्यावी लागते, म्हणून तिला यूएसबीचे शेपूट असते.

माझ्या अडॅप्टरला शेपूट होते. मी ते मोबाइल चार्ज करायला असेल असे समजलो होतो! दुकानदाराने व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा दिला होता आणि मी डबीवरचा बाण पाहिला नव्हता. हल्लीच्या यूएसबी-सी तोंडाने तर १९८१चीच गंमत परत आणली आहे. २०१४पासून त्यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र नेता येते, पण प्रत्येक संगणकाच्या तोंडात ती सोय असतेच असे नाही. बाहेरून दोन्ही तोंडे अगदी सारखी दिसतात. फरक इतकाच, की आता काही जळत नाही.

त्या दिवशी शेवटी मी लॅपटॉप उचलून पहिल्या रांगेत गेलो आणि आजोबांच्या मांडीवर ठेवला. कागद १३ इंची पडद्यावरच वाचला. मागच्या रांगांतले लोक पुढे येऊन त्यांच्याभोवती उभे राहिले. पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात योग्य अडॅप्टर घेऊन गेलो. चित्र लगेच आले, पण जुना प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा होता, पूर्ण पान दाखवले की मोडीतली बारीक वळणे एकमेकांत मिसळत होती. मग एकेक ओळ मोठी करून दाखवावी लागली. आजोबा त्या वेळी आले नाहीत; तब्येत बरी नव्हती. त्यांच्यासाठी प्रत्येक पानाची मोठी छपाई करून घरी नेऊन दिली.